एकशेवीस पावलांवरची काठी

साळावहून येणाऱ्या सकाळच्या पहिल्या एस.टी.चा कंडक्टर मुरुडच्या स्टँडवर उतरला की आधी चहाला जातो. त्या दिवशी तो तिकिटांची पेटी तशीच बगलेत धरून माझ्या दारात आला. "तात्या, हिरोजी गेला," म्हणाला. "पहाटे, अलिबागच्या इस्पितळात." मग पाठ केलेला निरोप सांगावा तसं, "चांगुणाबाईंनी कळवायला सांगितलंय, भरती दीडला आहे. रेवदंड्याहून तेव्हाच त्याला तरीत घालतील." मी बरं म्हणालो. तो गेला आणि मी ओसरीवर बसून राहिलो... नवरा जाऊन चार तास झाले नव्हते आणि ती बाई मला भरतीची वेळ कळवत होती. तिचं काही चुकलं नव्हतं. रेवदंड्याची खाडी तरीच्या होडीने ओलांडायची तर घड्याळाआधी भरती पाहावी लागते, हे मी एकदा विसरलो होतो आणि त्याचा भुर्दंड हिरोजीला पडला होता. ते त्या घरात कुणी विसरलेलं नव्हतं. मीही नाही.

हिरोजी मुरुडच्या कोळीवाड्यातला. बापाचा मचवा त्याने आणि दोन भावांनी मिळून चालवला. चाळिशीच्या आसपास तो डोलकाठीवरून खाली आपटला आणि कमरेतून असा काही गेला की जाळं ओढणं कायमचं सुटलं. भावांनी मचवा सांभाळला. त्याला कुणी टाकून बोललं नाही, पण किनाऱ्यावर बसून दुसऱ्यांचं जाळं उतरताना पाहणं त्याच्याने होईना. मी तालुक्यात मोजणीदार. जमिनी मोजताना साखळीचं दुसरं टोक धरायला आणि झेंडी घेऊन उभं राहायला मला माणूस लागे. तो माझ्याकडे त्या कामाला आला. असा आमचा संबंध सुरू झाला, साखळीच्या दोन टोकांना दोघे, मध्ये तेहतीस फूट अंतर. बहुतेक बोलणं ओरडूनच व्हायचं.

नवं राज्य झालं त्याच्या पुढच्या वर्षाची गोष्ट. दाऊदशेठची मासळीची लॉरी मुरुडाहून रोह्यामार्गे मुंबईला जायची आणि येताना बर्फ आणायची. तिचा ड्रायव्हर नोकरी सोडणार होता. हिरोजी फावल्या वेळात त्याच्याशेजारी बसून गाडी शिकला होता आणि चांगली शिकला होता. किनाऱ्यावरच्या मऊ वाळूत लॉरी मागे घेणं त्या ड्रायव्हरलाही त्याच्यासारखं जमत नसे. दाऊदशेठ सरळ माणूस. त्यांनी सांगितलं, "देखो हिरोजी, नारळी पुनवेला मासळी सुरू होईल. तोवर परवाना आण, गाडी तुझी. नाही आणलास तर मी रोह्याचा माणूस ठेवीन, मग माझ्यावर नाराज होऊ नकोस." परवाना मिळाला नाही तर हिरोजीसमोर एकच वाट होती. मुंबईत त्याच्या मेहुण्याने एका गोदामावर पहारेकऱ्याची जागा पाहून ठेवली होती. "तिथं खिडकीतनं काय दिसतं ठाव हाय का तात्या? दुसरं गोदाम," असं तो हसत सांगायचा. चांगुणाबाई हसत नसे.

परवान्याच्या परीक्षेला गाडी चालवून दाखवण्याआधी रस्त्यावरच्या पाट्या ओळखून दाखवाव्या लागत. इंग्रजी पुस्तिका होती. हिरोजी मराठी दुसरीपर्यंत शिकलेला, म्हणून ती माझ्याकडे आली. अडतीस चिन्हं होती. जुन्या नकाशाच्या कोऱ्या पाठीवर मी ती सगळी लाल-निळ्या पेन्सिलीने मोठी करून काढली. वर लाल त्रिकोण, खाली चौकोनी पाटी, पाटीत चित्र. अडचण अशी की मुरुडात तेव्हा एकही पाटी नव्हती. रोह्यापर्यंतच्या रस्त्यावरही नव्हती. तो सगळा रस्ता मी मोजणीसाठी पायी चाललेलो आहे, म्हणून खात्रीने सांगतो. पोहायला शिकवायचं आणि पाणी मात्र चित्रात, असा प्रकार. तरी महिनाभर रोज संध्याकाळी आम्ही ओसरीवर बसलो. उलट्या दिशेला वळणाऱ्या तीव्र वळणाच्या चिन्हाला तो "गळ" म्हणायचा, रेल्वेच्या फाटकाला "खेकड्याची पेटी". मी चिडायचो. परीक्षेत साहेबासमोर गळ म्हणशील का, विचारायचो. शेवटी अडतीसच्या अडतीस नावं त्याने शुद्ध पाठ केली. मी उलटसुलट विचारून पाहिली, तीनदा. तिन्ही वेळा एकही चूक नाही. मला फार बरं वाटलं होतं.

परवान्याचे साहेब महिन्यातून एकदा अलिबागला येत. आम्ही गेलो. मी दाराबाहेर उभा होतो, आतलं सगळं ऐकू येत होतं. साहेबांनी तीव्र वळणावर पेन्सिल ठेवली. हिरोजीने नाव बरोबर सांगितलं. साहेब म्हणाले, "ही पाटी दिसली की काय कराल?"

"वळंन, साहेब."

"कुठे वळाल?"

"पाटीशी."

साहेबांनी पेन्सिल खाली ठेवली. रागावले नाहीत, तेवढं खरं. म्हणाले, "पाटीशी वळलात तर गाडी शेतात जाईल. पुढच्या महिन्यात या."

मला स्वतःचाच इतका संताप आला की रेवदंड्यापर्यंत मी त्याच्याशी बोललो नाही. अडतीस नावं शिकवली, पण पाटी पाहून करायचं काय हे एकदाही विचारलं नव्हतं. पाटी धोक्याच्या आधी लावलेली असते ही गोष्ट मला इतकी उघड वाटत होती की ती सांगायची असते हेच सुचलं नाही. तरीत बसल्यावर मी त्याला ते सांगितलं, बऱ्याच तिखट आवाजात. त्याने ऐकून घेतलं आणि खाडीच्या तोंडाशी पाण्यातून वर आलेल्या एका काठीकडे बोट दाखवलं. टोकाला लाल चिंधी होती. "ती बगा. खाली खडक हाय. काठी खडकावरच रोवलीय. माज्या आज्यानं बी तिथंच रोवली व्हती. शंभर हात आधी रोवली असती तर ह्या खाडीत किती मचवे फुटले असते, करा तुमचा हिशोब."

मी म्हणालो, समुद्रावर काठी लांबून दिसते, रस्त्यावर वळण दिसत नाही, म्हणून आधी सांगावं लागतं. त्यावर तो म्हणाला, "तात्या, तुमी झेंडी कुटं लावता? हद्दीच्या दगडावर, का दगडाआधी धा पावलं?" होडीवाला वल्हं मारायचं थांबला. त्यालाही उत्तर ऐकायचं होतं. अठरा वर्षं मी स्वतः बरोबर जागेवर झेंडी लावत आलो होतो, आणि एक वीत इकडेतिकडे झाली तर माणसांना बोललो होतो.

मग मी ठरवलं की ओसरी पुरे झाली, रस्ताच करायचा. ओहोटीला किनाऱ्यावरच्या घट्ट वाळूत साखळी टाकून वीस फूट रुंदीचा रस्ता आखला. दोन वळणं, एक पूल, एक फाटक. घासलेटचे डबे सपाट करून त्यांच्यावर चिन्हं रंगवली आणि बांबूंना ठोकली. पण पाट्या किती आधी रोवायच्या? पुस्तिकेत फक्त "पुरेसं आधी" एवढंच लिहिलेलं. "पुरेसं म्हंजे किती?" हिरोजीने विचारलं. तो प्रश्न बरोबर होता आणि मला स्वतःलाही तो शब्द सहन होत नव्हता. मी दाऊदशेठची लॉरी रोह्याच्या रस्त्यावर नेली, ड्रायव्हरला ताशी तीस मैलांवर ब्रेक दाबायला लावला आणि साखळीने मोजलं. पाच वेळा मोजून सर्वांत लांबचा आकडा धरला, वर आणखी त्याच्या दीडपट सोडली. तीनशे फूट आले. माझी पावलं अडीच फुटांची, म्हणजे एकशेवीस. मी हिरोजीला सांगितलं, पाटी दिसली की एकशेवीस पावलांवर धोका, हे पक्कं धर. पुस्तिकेच्या मार्जिनलाही लिहून ठेवलं. लॉरी त्या दिवशी रिकामी होती. ते मी तेव्हा लिहिलं नाही.

आमचा तो रस्ता पाहायला सगळा कोळीवाडा लोटला. वाळूवर हातात पातेल्याचं झाकण धरून, ते गोल फिरवत हिरोजी चालायचा, पाटीशी हळू व्हायचा, पावलं मोजायचा आणि वळायचा. मी मागून शिट्टी फुंकायचो. बोंबील वाळवणाऱ्या बायका पदर तोंडाशी धरून हसत. एक म्हातारी मला म्हणाली, "तात्या, ह्यो रस्ता जातो कुटं? भरती आली का मंग?" भरती आली की रस्ता जायचा, हे खरंच होतं. रोज नव्याने आखावा लागे. तीन आठवडे मी रोज आखला. माझी पत्नी म्हणे, "अहो, सरकारने तुम्हांला जमीन मोजायला ठेवलंय, समुद्र नव्हे." चांगुणाबाई मात्र एकही दिवस हसली नाही. ती टोपली बाजूला ठेवून पूर्ण वेळ उभी राहायची आणि नवऱ्याची पावलं त्याच्याबरोबर मोजायची. तिचे ओठ हलताना मला दिसत.

दुसऱ्या खेपेला हिरोजी पूर्ण तयार होता. आणि त्या खेपेची माती मी केली. आदल्या दिवशी तो म्हणाला, "तात्या, सकाळची पयली गाडी धरू. नऊनंतर खाडीत पानी राहणार न्हाय." मी वेळापत्रक पाहिलं. दुसऱ्या गाडीने गेलो तरी अलिबागला साहेबांच्या वेळेआधी पन्नास मिनिटं पोचत होतो. मी कागदावर मांडून दाखवलं. तो कागदाकडे पाहत राहिला, आणि मी त्याचा शिकवणारा, म्हणून बरं म्हणाला. खाडीच्या आमच्या काठाला, साळावला पोचलो तेव्हा समोर चिखल. तरीची होडी पलीकडच्या काठाला कलंडून पडलेली. आम्ही दगडावर बसून पाणी चढायची वाट पाहिली, पावणेपाच तास. तेवढ्या वेळात तो एका शब्दाने मला बोलला नाही. बोलला असता तर बरं झालं असतं. एकदाच म्हणाला, "वेळापत्रक छापतो तो मानूस हितला नसंल." पलीकडे गेलो तोवर साहेब अलिबागहून निघून गेले होते. परत आलो तर कोळीवाड्याच्या तोंडाशी चांगुणाबाई उभी. तिने आमची तोंडं पाहिली आणि हिरोजीला नव्हे, मला विचारलं, "भावजी, भरती इचारली न्हाय व्हय?"

त्यानंतरच्या महिन्यात साहेब आलेच नाहीत. पाऊस लागला. नारळी पौर्णिमेला तीन आठवडे राहिले. दाऊदशेठनी रोह्याच्या माणसाशी बोलणी सुरू केल्याचं कानावर आलं. ते त्यांनी आमच्यापासून लपवलंही नाही. मेहुण्याचं मुंबईहून पत्र आलं, जागा फार दिवस धरून ठेवता येणार नाही. तिसऱ्या खेपेला मी फक्त छत्री घेतली. गाडी कुठली, होडी कधीची, सगळं हिरोजीने ठरवलं. आदल्या दिवशीच पलीकडे जाऊन आम्ही अलिबागला त्याच्या नात्यातल्यांकडे राहिलो.

साहेबांनी पुन्हा तेच वळण दाखवलं. हिरोजी म्हणाला, "पाटी दिसली का हळू व्हायचं. वळायचं पुढं. एकशेवीस पावलांवर."

"एकशेवीस? हे कुठे लिहिलंय?"

"लिवलेलं न्हाय, साहेब. आमच्या तात्यांनी मोजलंय."

बाहेर मी दाराला कान लावला. सरकारी अधिकाऱ्यासमोर माझा घरगुती आकडा... पण आतून हसण्याचा आवाज आला, आणि मग साहेब त्याला गाडीवर घेऊन गेले. दाऊदशेठच्या नातेवाइकाची लॉरी त्यासाठी मागून ठेवली होती. अर्ध्या तासाने दोघे परतले. नंतर हिरोजीने सांगितलं, गावाबाहेर एक खरी पाटी लागली. त्याच्या आयुष्यातली पहिली. तो इतका हळू झाला की साहेब म्हणाले, अहो चला, बैलगाडी आहे का? "मी म्हनलो, साहेब, पाटी खरं सांगती का बगतो." वळण पुढे होतं. जिथे असायला हवं तिथेच होतं. साहेबांनी सही केली. परतीच्या तरीत हिरोजीने परवान्याचा कागद टोपीखाली ठेवला आणि टोपीवर हात धरून उभा राहिला, साळाव येईपर्यंत. खडकावरच्या काठीजवळून जाताना त्याने तिच्याकडे पाहिलं.

सात वर्षं त्याने ती लॉरी चालवली. एकदाही धडक नाही. याच वर्षांत मैलांचे दगड उपटून किलोमीटरचे बसवले गेले आणि मग एके दिवशी आमच्या रस्त्यावरही पहिली पाटी आली. रोह्याहून येताना, गावापासून दोन मैलांवर, उतार संपतो तिथे आंब्याच्या झाडाआड एक वाईट वळण आहे. पाटी तिथलीच. मी मुद्दाम पाहायला गेलो. ती वळणाच्या आधी नव्हती. बरोबर वळणावर, आंब्याच्या बुंध्याशी रोवलेली होती. वळल्याशिवाय दिसत नव्हती आणि दिसली तेव्हा तिचा उपयोग संपलेला असायचा. मी बांधकाम खात्याकडे अर्ज केला. उत्तर आलं की सदर वळणावर पाटी बसवण्यात आलेली आहे. मी दुसरा केला, नकाशा जोडून. त्यालाही तेच उत्तर, फक्त तारीख वेगळी. पाच अर्ज झाले. हिरोजीला मी चिडून एकेक उत्तर वाचून दाखवायचो. त्याला आनंदच झाला होता. "तात्या, हे बी कोळीच निघाले की," म्हणायचा. "पयल्या खेपेला मला नापास केलं. आता यांना कोन करनार?"

पाचव्या उत्तरानंतर त्याने मला न सांगता एक बांबूची काठी नेली आणि उताराच्या वरच्या अंगाला रस्त्याकडेला रोवली. टोकाला चांगुणाबाईच्या जुन्या लुगड्याची लाल चिंधी. मी म्हणालो, हे बेकायदा आहे. तो म्हणाला, "एकशेवीस पावलं हायत, तुमचीच." दरवर्षी नारळी पौर्णिमेच्या आधी, जाळी आणि मचव्यांबरोबर, तो ती काठी बदलायचा. रोह्याच्या एस.टी.चे ड्रायव्हरही तिला ओळखू लागले. सरकारी पाटीकडे कुणी पाहत नसे.

या वर्षी काविळीने त्याचे डोळे पिवळे झाले तरी तो दोन आठवडे गाडीवर होता. मोसम आहे म्हणायचा. कुणाला सांगितलं नाही. मी रोज भेटत होतो, मलाही नाही. मला त्याचा अजून राग आहे. तो कुणावर काढायचा तेच कळत नाही.

त्याचे दिवस झाल्यावर मी साखळी घेऊन एकटाच त्या वळणावर गेलो. सहावा अर्ज करायचा होता आणि कळवण्यात आलं होतं की मापं आता मीटरमध्ये हवीत. काठी उभी होती. चिंधीचा रंग उडून ती गुलाबी झाली होती. मी वळणापासून काठीकडे पावलं मोजत चढलो. एकशेवीसला थांबलो. काठी पुढेच होती, चांगली लांब. मला वाटलं, मोजण्यात चुकलो. परत गेलो, पुन्हा मोजलं. एकशे एकोणसत्तर. मग साखळी लावली. चारशे बावीस फूट, वर काही इंच.

चांगुणाबाईला विचारलं. ती तांदूळ पाखडत होती, तशीच पाखडत राहिली. "पयल्याच वर्साला सरकवली त्यांनी. बर्फ भरलेली गाडी उतारावर, पावसात, तुमच्या आकड्यात थांबत न्हाय म्हनाले. तीनदा सरकवली, तवा बसली. मला म्हनले, तात्यांना सांगू नकोस. त्यांनी लय मेहनतीनं मोजलंय." आणि मग घरात जाऊन तिने पोटमाळ्यावरून एक काठी आणली. पुढच्या पौर्णिमेची. त्याने ती आधीच तासून ठेवली होती, चिंधी बांधून.

अर्ज मी पाठवला आहे. त्यात एकशे एकोणतीस मीटर लिहिलं आहे आणि हे अंतर कुणी ठरवलं, त्याचं नाव. उत्तर काय येईल ते मला माहीत आहे. पुस्तिकेच्या मार्जिनमधला एकशेवीस मी खोडला, शेजारी लिहिलं, लॉरी रिकामी होती. काठी माझ्या ओसरीच्या कोपऱ्यात, साखळीशेजारी उभी आहे. श्रावणात ती मी नेऊन रोवणार आहे. वळणापासून चढत जायचं आणि एकशेवीसला थांबायचं नाही.